दिवा हिरवा आणि ट्रॅक कोरा: पाणी नेमके कुठे मुरते आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंडेन्सर माइक, दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर अशी तुमची मांडणी आहे. माइकसमोर बोलले की इंटरफेसवरचा दिवा हिरवा होतो आणि इंटरफेसला लावलेल्या हेडफोनमध्ये तुमचा आवाज तुम्हाला ऐकूही येतो. परंतु रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर मात्र सपाट रेघ उमटते. सेटिंग उलटसुलट करताना एकदाच आवाज आला, तोही फक्त डाव्या कानात आणि किंचित उशिरा. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला इंटरफेसशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम, तीन वेळा टाकून झाला आहे आणि आता माइकच बिघडला असावा, अशा समजुतीने तुम्ही नवा माइक घेण्याच्या विचारात आहात.

नवा माइक तूर्त घेऊ नका. माइक ठीक असल्याचा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे. माइकमधून निघालेला आवाज केबलमधून इंटरफेसमधल्या प्रीअँपपर्यंत जातो, तिथे वाढवला जातो, मग त्याचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे यूएसबीवरून संगणकात येतात, ड्रायव्हर ते स्वीकारतो, ऑपरेटिंग सिस्टम ते सॉफ्टवेअरला द्यायचे की नाही हे ठरवते, सॉफ्टवेअर निवडलेल्या उपकरणाकडून ते घेते आणि शेवटी ज्या ट्रॅकला ज्या इनपुटाशी जोडले असेल तिथे ते लिहिले जातात. हिरवा दिवा आणि हेडफोनमधला आवाज या दोन्ही गोष्टी या वाटेच्या पहिल्या निम्म्या भागातल्या आहेत. म्हणजे माइक, त्याला लागणारा वीजपुरवठा, केबल, इनपुटाचे भोक आणि प्रीअँप ही सगळी मंडळी आपापले काम करत आहेत. दोष पुढच्या निम्म्या भागात आहे, आणि तो बहुधा कोणत्याही वस्तूत नसून एखाद्या निवडीत आहे.

इथे एक खात्री मात्र करून घ्यायला हवी. हेडफोनमध्ये येणारा आवाज थेट इंटरफेसमधून येतो की संगणकाला वळसा घालून येतो, हे इंटरफेसच्या रचनेवर आणि त्याच्या डायरेक्ट मॉनिटरच्या (संगणकात न जाता आवाज थेट ऐकवणाऱ्या) बटणावर अवलंबून असते. त्यासाठी रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, केबल जशीच्या तशी राहू द्या आणि माइकसमोर बोला. आवाज तसाच आला तर तो थेट येतो आहे, आणि वरचा निष्कर्ष पक्का झाला. दिव्याच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी, कारण काही इंटरफेसवर हिरवा दिवा आवाज आल्याची खूण असतो, तर काहींवर तो नुसता वीज सुरू असल्याचे सांगतो. बोलणे थांबवल्यावर दिवा विझत असेल किंवा मंदावत असेल, तरच त्याची साक्ष ग्राह्य धरा.

आता ज्या सपाट रेघेमुळे तुम्ही वैतागला आहात, तिच्याकडेच नीट पाहू या, कारण ट्रॅकवरच्या सपाट रेघा दोन प्रकारच्या असतात आणि लांबून त्या अगदी सारख्या दिसतात. दहा सेकंद रेकॉर्ड करा, मधले पाच सेकंद बोला, आणि मग वेव्हफॉर्म, म्हणजे ट्रॅकवर उमटलेली आवाजाची आकृती, उभ्या दिशेने शक्य तितका मोठा करून पाहा. पहिल्या प्रकारात, कितीही मोठे केले तरी रेघ पट्टीने आखल्यासारखी राहते. मीटरवर आकडाच येत नाही किंवा उणे अनंताची खूण दिसते. दुसऱ्या प्रकारात रेघेला बारीक लव फुटल्यासारखी दिसते आणि मीटर उणे साठ ते उणे ऐंशी डेसिबलच्या आसपास कुठेतरी थरथरत असतो.

हा फरक फार मोलाचा आहे. गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) अर्ध्यावर ठेवलेला इंटरफेस कितीही शांत खोलीत ठेवला, तरी तो कधीही निखळ शून्य पाठवत नाही. प्रीअँपची स्वतःची सूक्ष्म खरखर असते, पंख्याचा आवाज असतो, लॅपटॉपची घरघर असते आणि चोवीस बिटांचे रूपांतर हे सगळे इमानेइतबारे टिपते. त्यामुळे निखळ शून्य दिसले, तर त्याचा अर्थ माइकचा आवाज कमी आहे असा होत नाही. तुमचा ट्रॅक त्या इनपुटाशी जोडलेलाच नाही किंवा त्याच्यापर्यंत आवाज पोहोचूच दिला जात नाही, असा होतो. अशा वेळी गेन वाढवणे, माइक जवळ घेणे, केबल बदलणे हे सारे व्यर्थ असते. लव दिसली तर ट्रॅक इंटरफेसशी बोलतो आहे, पण तुमचा आवाज त्याच्या इनपुटावर येत नाही, असे समजून माइकच्या बाजूला वळायचे. एक बारकावा असा, की हे मीटरपेक्षा रेकॉर्ड झालेल्या वेव्हफॉर्मवर पाहावे. ट्रॅकवर नॉइज गेट (हळू आवाज अडवणारी चाळणी) लावलेले असेल, तर मीटर निखळ शांतता दाखवू शकतो. रेकॉर्डिंग मात्र बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्या गेटच्या आधीच होत असते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज निखळ शून्याचा आहे, आणि तसा अंदाज बांधायला कारण आहे तुमचा डावा कान. दोन इनपुटांच्या इंटरफेसमध्ये स्टिरिओ जोडी निवडली की पहिले इनपुट डावीकडे आणि दुसरे उजवीकडे जाते. तुमचा माइक पहिल्या इनपुटात असेल, तर आवाज केवळ डाव्या कानात येणे हे बिघाडाचे लक्षण मुळीच नाही. ती जोडणी तशीच वागायला हवी. म्हणजे त्या एका वेळी उपकरण बरोबर निवडलेले होते, ड्रायव्हर चालत होता, ऑपरेटिंग सिस्टमची परवानगी होती आणि ट्रॅक एक व दोन क्रमांकांच्या जोडीला जोडलेला होता. त्यानंतर तुम्ही 'फक्त डावीकडे का येतो' हे दुरुस्त करायला गेलात आणि त्या भरात ट्रॅक बहुधा दुसऱ्या, रिकाम्या इनपुटाला किंवा भलत्याच उपकरणाला जोडला गेला. यातले पहिले झाले असेल, तर रेघेवर अगदी बारीक लव दिसेल; दुसरे झाले असेल, तर बहुतेक वेळा निखळ शून्य दिसेल.

उपाय असा आहे. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये उपकरण म्हणून तुमचा इंटरफेसच निवडलेला आहे ना, हे आधी पाहा. मग पूर्णपणे नवा प्रकल्प उघडा, कारण जुन्या प्रकल्पात आधीच्या प्रयोगांचे अवशेष शिल्लक असतात. त्यात एकच ट्रॅक घ्या, त्याचे इनपुट मोनो आणि क्रमांक एक असे ठेवा, ट्रॅक आर्म करा (म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा) आणि बोला. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ट्रॅकवरचे लाल बटण दाबल्यावर त्याच्या शेजारी इनपुटाची यादी उघडते; तिच्यात मोनो या गटाखाली पहिले इनपुट निवडायचे असते. एकाच माइकचा आवाज मोनो ट्रॅकवर घेतला, की तो दोन्ही कानांत मधोमध ऐकू येतो. बोलण्यासाठी किंवा गाण्यासाठी एक माइक वापरणाऱ्याने स्टिरिओ ट्रॅक घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने आवाज 'भरदार' होत नाही, फक्त अर्धी फाइल रिकामी राहते.

एवढे करूनही शून्यच आले, तर परवानगी तपासा. मॅकवर २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रामला माइक वापरण्यासाठी तुमची संमती लागते. पहिल्यांदा विचारणा होते तेव्हा घाईत 'नको' असे बटण दाबले गेले, तर पुढे सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता सुरळीत चालते, कर्सर पुढे सरकतो, रेकॉर्डिंगही होते, पण त्याला मिळते ती निव्वळ शांतता. सिस्टम सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या भागात मायक्रोफोनच्या यादीत तुमच्या सॉफ्टवेअरपुढची कळ सुरू करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. हे पुन्हा उघडणे विसरू नका. विंडोजमध्येही प्रायव्हसीच्या भागात मायक्रोफोनसाठी अशीच कळ असते आणि डेस्कटॉप प्रोग्रामांसाठी खाली वेगळी कळ असते. या दोन्ही सुरू असाव्या लागतात. तुमची ऑपरेटिंग सिस्टम कोणती हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही सांगून ठेवतो.

ड्रायव्हरबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण तो तीन वेळा टाकणे हे तुमच्या अडचणीवरचे औषध नव्हते आणि कदाचित त्यानेच गुंता वाढवला असेल. मॅकवर आवाजाचा एकच राजमार्ग आहे, कोअर ऑडिओ. विंडोजमध्ये मात्र अनेक मार्ग शेजारी शेजारी आहेत: सर्वांत जुना एमएमई, मग डायरेक्टसाउंड, व्हिस्टापासून आलेला वासापी, आणि स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७ च्या सुमारास आणलेला एएसआयओ. एएसआयओचा हेतूच असा होता, की विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून न जाता सॉफ्टवेअरने उपकरणाशी थेट बोलावे, म्हणजे उशीर कमी होतो आणि सगळी इनपुटे स्वतंत्रपणे हाताशी येतात. इंटरफेसच्या निर्मात्याने एएसआयओ ड्रायव्हर दिलेला असेल, तर रेकॉर्डिंगसाठी तोच वापरावा. एएसआयओफॉरऑल नावाचा सर्वसाधारण पर्याय अनेकजण सुचवतात. तो उपयोगी आहे, पण ज्यांच्या उपकरणाला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठी. तुमच्याकडे दोन्ही असतील, तर सॉफ्टवेअरच्या यादीत एकसारखी दिसणारी दोनतीन नावे येतात आणि नेमके चुकीचे निवडले जाते. अशा वेळी सगळे ड्रायव्हर काढून टाका, इंटरफेसची केबल काढा, संगणक पुन्हा सुरू करा, निर्मात्याचा एकच ड्रायव्हर टाका आणि त्याने सांगितल्यावरच केबल जोडा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. अनेक एएसआयओ ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला उपकरण देतात. मागे ब्राउझरमध्ये एखादी मीटिंग उघडी राहिली असेल, तर ती इंटरफेस धरून बसू शकते किंवा त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आपल्या सोयीने बदलू शकते. प्रकल्प ४४.१ किलोहर्ट्झवर आणि इंटरफेस ४८ वर अशी फारकत झाली, तर काही ड्रायव्हर गप्पच बसतात. आणि काही वेळा आवाज येतो, पण तो सुमारे नऊ टक्के जास्त वेगाने आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढ्या सुरात वाजतो. तपासणी सुरू करण्यापूर्वी बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करा आणि दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

आता एक चाचणी सांगतो, जी मी गेली कित्येक वर्षे प्रत्येक रेकॉर्डिंगआधी करतो. रेकॉर्डिंग सुरू करून माइकच्या जाळीवरून नख अगदी हळुवार फिरवायचे आणि मग लॅपटॉपच्या कीबोर्डजवळ बोटाने दोनदा टिचकी मारायची. पहिला आवाज मोठा आणि जवळचा, दुसरा दूरचा आला, तर सगळे ठीक. उलट झाले, तर रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या अंगच्याच माइकवरून होते आहे. ही सवय मला एका चुकीने लावली. एका श्राव्य पुस्तकाचे वाचन चालू होते, वाचक अनुभवी होत्या, माइक उत्तम होता, हेडफोनमध्ये त्यांचा आवाज सुरेख येत होता, कारण तो थेट इंटरफेसमधून येत होता. पहिली दोन प्रकरणे संपल्यावर मी फाइल ऐकली, तेव्हा आवाज खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा पोकळ होता. संगणक पुन्हा सुरू केल्यावर सॉफ्टवेअरने गुपचूप अंगचा माइक धरला होता आणि मी हेडफोनवर विश्वास ठेवून बसलो होतो. ती दोन्ही प्रकरणे त्यांना पुन्हा वाचावी लागली. दोन तास वाचून थकलेल्या व्यक्तीला तेच पुन्हा वाचायला सांगणे किती अवघड असते, हे त्या दिवशी कळले.

इथवरचा क्रम थोडक्यात असा: सॉफ्टवेअर बंद करून हेडफोनची खात्री, मग रेघ शून्याची की लव असलेली याची पाहणी, मग नव्या प्रकल्पात मोनो आणि इनपुट एक, मग परवानगी, आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर दहा सेकंद रेकॉर्ड करून पाहा. एकदम चार गोष्टी बदलल्यावर आवाज आला, तरी तो कशामुळे आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच चार तास जातात.

राहिला तो उशीर. संगणक आवाज एकेक नमुना करून हाताळत नाही. तो काही नमुने साठवतो आणि मग एकगठ्ठा पुढे पाठवतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, आणि १२८ चा म्हणजे २.७ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा दोनदा हा वेळ लागतो, शिवाय रूपांतराचा आणि यूएसबीचा वेळ वेगळा. एमएमईसारख्या जुन्या मार्गाने गेले, तर उशीर याच्या कितीतरी पट होतो. स्वतःचा आवाज इतक्या उशिराने कानावर पडला, की बोलताना जीभ अडखळते.

परंतु तुम्हाला संगणकाकडून स्वतःचा आवाज ऐकण्याची गरजच नाही. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर सुरू ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही सुरू राहिले, तर एक आवाज लगेच आणि दुसरा मागाहून असे दोन आवाज एकमेकांवर आदळतात; अंतर फार कमी असेल, तेव्हा ते दोन न वाटता आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो आणि लोक उगाच माइकला दोष देतात. गिटार सॉफ्टवेअरमधल्या अँपमधून वाजवायची असेल किंवा कीबोर्डवर आभासी वाद्य वाजवायचे असेल, तेव्हाच छोट्या बफरची खरी गरज पडते. बफर फार लहान केला आणि संगणकाला तो झेपला नाही, तर रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक आणि तडतड ऐकू येते. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी तो ५१२ किंवा १०२४ ठेवायला काहीच हरकत नाही. बफर मोठा करूनही तडतड थांबली नाही, तर इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडून पाहा. यूएसबी २ चे एक पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देते; बिनविजेच्या हबवर तेवढ्यातच तीन उपकरणांनी वाटून घ्यायचे असते, आणि त्यात फँटम पॉवर (इंटरफेसने केबलमधूनच माइकला दिलेली वीज) सुरू असलेला इंटरफेस उपाशी राहतो.

तुमच्या रेघेवर लव निघाली आणि ट्रॅक इनपुट एकवरच असल्याची खात्री झाली, तर माझा अंदाज चुकला असे समजून माइकच्या बाजूला या. कंडेन्सर माइकला फँटम पॉवर म्हणजे ४८ व्होल्ट लागतात, आणि ते एक्सएलआर केबलच्या दोन आणि तीन क्रमांकांच्या पिनांवरून आवाजासोबतच माइकपर्यंत जातात. हा ४८ चा आकडा कुठून आला, याची एक हकिगत आहे: १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरचे माइक तयार केले, तेव्हा त्या नभोवाणीच्या स्टुडिओंमध्ये आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच घेतला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते हे, की एकाच भोकात एक्सएलआर आणि पाव इंची जॅक दोन्ही बसत असले, तरी फँटम पॉवर एक्सएलआरमधूनच मिळते. दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक असलेल्या केबलने जोडलेला कंडेन्सर माइक गप्प राहणारच. गेन पूर्ण खाली करून फँटम सुरू करा, काही सेकंद थांबा आणि मग गेन वाढवा. तसेच मोठ्या पडद्याचे बरेच माइक बाजूने बोलण्यासाठी असतात, टोकाकडून नव्हे. ज्या बाजूला निर्मात्याची खूण किंवा हृदयाच्या आकाराचे चिन्ह असते, ती बाजू तोंडाकडे हवी.

गेन किती ठेवायचा, हे माइकवर आणि तुमच्या आवाजावर अवलंबून आहे. शुअरच्या एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक एका पास्कल दाबाला दोन मिलिव्होल्टही देत नाही, तर अनेक कंडेन्सर माइक दहा मिलिव्होल्टच्या पुढे देतात. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या गेनची खूण आपल्या इंटरफेसवर उतरवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष जितक्या जोराने बोलणार आहात तितक्याच जोराने बोला आणि सर्वांत उंच टोके उणे बारा डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवा. चोवीस बिटांत रेकॉर्ड करत असाल, तर याहून वर जाण्याची धडपड करू नका. आवाज नंतर वाढवता येतो, शून्य डेसिबलच्या कमाल मर्यादेवर आपटून तुटलेला आवाज पुन्हा जोडता येत नाही.

हे सगळे करून अडचण राहिली, तर पुन्हा लिहा, आणि त्यात चार गोष्टी जरूर द्या: ऑपरेटिंग सिस्टम आणि तिची आवृत्ती, सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये दिसणारे ड्रायव्हरचे आणि उपकरणाचे नाव जसेच्या तसे, ट्रॅकवर निवडलेले इनपुट, आणि वेव्हफॉर्म मोठा केल्यावर रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते की तिला लव आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी वाचेन.